मथुअक्कांच्या दोन पायऱ्या

फेब्रुवारी १९४८, मंगळवार, सकाळी साडेदहा. जनाना विभाग, वरचा मजला, कोपऱ्यातली खोली.

हजर: डॉक्टर मथुराबाई, ज्यांना सगळे मथुअक्का म्हणत. आया बतूलबी. परिचारिका मेरी. यंत्र चालवणारे नरसिंगराव, पडद्याच्या पलीकडे. पहिली रुग्ण गं. भा. काशीबाई, वय बावन्न. आणि नोंदवही घेऊन मी.

गैरहजर: दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, मोठे साहेब. त्यांना निरोप दिला होता.

त्या दवाखान्यात मी नोंदणी कारकून होते. कोण आलं, कधी आलं, काय ठरलं, काय राहिलं, एवढं लिहायचं हे माझं काम. मथुअक्कांबद्दल लिहायला बसले तेव्हाही प्रथम ती जुनी वहीच काढली, कारण आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही. पण वहीत न मावणारं बरंच होतं. ते इथं लिहिते.

अक्का तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. अंगानं बारीक, नेसू पांढरं, मनगटं रिकामी. लहानपणी वैधव्य आलेलं, वडील सरकारी वकील, त्यांनी शिकवलं. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांची पहिली ओळख म्हणजे त्या दिसत नसत. खोलीला जाळीच्या खिडक्या, उजेड कमी, आणि अक्का भिंतीला लागून इतक्या स्तब्ध उभ्या राहायच्या की आलेली बाई बाकावर बसायची, पदर सावरायची, बतूलबीशी चार शब्द बोलायची, आणि मग एकदम कोपऱ्यातून आवाज यायचा, "कधीपासून दुखायलंय?" बायका दचकायच्या. बतूलबी म्हणायची, "अक्का, जरा खाँसके तो बोलो. दिल का इलाज करते, और दिलच बंद करते!"

अक्का जिन्याकडे पाठ करून कधी बसत नसत. खालून येणारं पाऊल ऐकायचं, ही त्यांची सवय. लिहिता लिहिता टाक थांबवायच्या, मान किंचित कलती करायच्या, आणि म्हणायच्या, "ही दमून थांबली." नाहीतर, "ही चप्पल शोधायला थांबली. हिला काही नाही." एकदा स्वयंपाकघरातली तुळसाबाई दुधाची चरवी घेऊन वर येत होती. तिची पावलं आम्ही वर्षानुवर्षं ऐकलेली. अक्कांनी टाक खाली ठेवला. "सुमन, हिला आज बसवून ठेव."

"का? बरी आहे की."

"पाचव्या पायरीवर थांबली. चरवी खाली ठेवली नाही. ओझं असून ठेवली नाही, म्हणजे वाकायची भीती वाटली."

तुळसाबाई वर आली, हसली, "मला काय धाड भरलीय" म्हणाली, आणि गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या जागी संपली. अक्कांनी तिच्या मृत्यूच्या नोंदीचा कागद माझ्याकडून मागून घेतला, त्यावर पाहिलं, आणि परत दिला. त्यानंतर मला त्यांच्या शेजारी बसून पावलं ऐकायला नको वाटायचं. मी मुद्दाम वहीची पानं मोठ्यानं उलटायची.

तो काळ सांगायला हवा. बाहेर देश स्वतंत्र झाला होता. हैदराबाद हिंदुस्थानातही नव्हतं आणि धड बाहेरही नव्हतं. पुरुष तुरुंगात, नाहीतर सरहद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीच्या बाजूला, नाहीतर कुठं ते ठाऊक नाही. शहरात राहिलेल्या बायका छाती धरून आमच्याकडे येत. मोठे साहेब प्रत्येकीच्या कागदावर एकच शब्द लिहीत: भीती.

"मथुराबाई," ते म्हणायचे, "बायकांना हृदयविकार होत नाही. त्यांना नुसतं हृदय असतं."

"मग तपासून बघू या," अक्का म्हणाल्या, "आहे का ते."

त्यासाठी त्या दोन पायऱ्या. अक्कांनी त्या सुताराकडून सागवानी करून घेतल्या. एका बाजूनं दोन पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या बाजूनं दोन उतरायच्या, वळायचं, पुन्हा चढायचं. दीड मिनिट. किती फेऱ्या ते वय आणि वजन बघून ठरे. तो तक्ता माझ्याकडे. चढायच्या आधी यंत्रावर हृदयाची रेघ काढायची आणि उतरल्यावर लगेच दुसरी. श्रमानं ज्या हृदयाला रक्त पुरत नाही, त्याची रेघ एका ठरावीक जागी खाली बसते. आम्ही तिला खचलेली रेघ म्हणायचो. नुसती भीती असेल तर चढून आल्यावर बाईला बरंच वाटतं, रेघ जागच्या जागी राहते. भीती आणि दुखणं वेगळं काढण्याची ही युक्ती होती.

यंत्र चालवणारा पुरुष, म्हणून मध्ये काळा जाड पडदा. पडद्याखालून तारा अलीकडे येत. एक तार डाव्या पायाला, दोन मनगटांना, पट्ट्यानं घट्ट बांधलेल्या. नरसिंगरावांचा नुसता आवाज यायचा, "कदलकंडी अम्मा. हिलू नका." कोण बोललं ते बाईला दिसायचं नाही. नंतर ते अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद धूत, आणि ओल्या कागदावर रेघ हळूहळू वर येई. मी एकदाच आत गेले होते. ती रेघ कागदावर उमटत नव्हती, कागदाच्या आतून वर येत होती, असं मला वाटलं. पुन्हा गेले नाही. नोंद दारात उभी राहून करायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी काशीबाई पायऱ्यांपाशी येऊन अडल्या. "कुठं जायचंय वर?"

"कुठंच नाही," अक्का म्हणाल्या.

"मग चढू कशाला? भ्या वाटतंय बाई."

"भ्या. पण चढत भ्या."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य झालं. "भिऊ नका" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या प्रत्येक बाईबरोबर स्वतःही चढायच्या, तिचा हात धरून, बोट नाडीवर. दिवसाला सहा बाया, कधी आठ. आणि एक गोष्ट मी पाहिली, जी वहीत कोणत्या रकान्यात घालावी ते मला कळेना. दीड मिनिट संपलं, बाई खाली उतरली, तरी पुष्कळ जणींचा पाय जमिनीवर टेकायचा नाही. पाय पुढे करून त्या आणखी एक पायरी चाचपायच्या. काशीबाईंनी तर मागं वळून विचारलं, "माझ्यामागून कोण चढायलं होतं?"

मागून कोणी नव्हतं. अक्कांनी फक्त मला वेळ टिपायला सांगितला.

काशीबाईंची रेघ खचलेली निघाली.

गोदूबाई आल्या मार्चमध्ये. अंबरपेठेच्या, गुळाचं दुकान असलेल्या घरच्या, वय पंचेचाळीस, हात मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेले. नवरा विठ्ठलराव सत्याग्रहात पकडला गेलेला. आधी इथल्या तुरुंगात होता, मग कुठं हलवला ते कळलं नव्हतं.

"काय होतंय?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही अक्का. विहिरीवरून घागर आणली की छातीवर कुणीतरी बसतंय. घागर ठेवून जरा उभं राहिलं की उतरतंय."

"कोण बसतं?"

"तोंड दिसत नाही."

अक्कांनी तिची नाडी पाहिली. मग तिला चढवलं. बाई सुरेख चढली, धाप नाही की आवाज नाही. घरंदाज बायका श्वाससुद्धा पदराआड घेतात. उतरली, बाकावर आडवी झाली. बतूलबी साबणाचं पाणी घेऊन बसली आणि एकेक बांगडी वर सरकवू लागली.

हे बतूलबीचं काम, आणि तिचा अभिमान. पट्टा मनगटाला बसायला बांगड्या वर सारायला लागत. पहिल्या रेघेच्या वेळी सारलेल्या बांगड्या चढता-उतरताना पुन्हा खाली घरंगळत, घामानं चिकटत. नवरा घरात नसलेल्या सवाष्णीची बांगडी फुटली तर ती बाई परत त्या दारात पाऊल ठेवणार नाही, हे बतूलबीला सांगावं लागत नव्हतं. ओला फडका गुंडाळून, फुंकर घालून, गोष्टी सांगत ती एकेक बांगडी वर न्यायची. "आज तक एक चूडी नै टूटी मेरे हात से," ती म्हणायची. खरं होतं ते.

गोदूबाईंची रेघ स्वच्छ आली. मोठ्या साहेबांनी "भीती" लिहिलं. अक्कांनी कागद दोनदा उजेडात धरला. "घागर ठेवल्यावर उतरतं म्हणाली," त्या पुटपुटल्या. पण कागदापुढे त्यांचंही चालेना. गोदूबाईंनी आपल्या कागदाची प्रत मागितली आणि घडी घालून पोलक्यात ठेवली.

एप्रिलपर्यंत आमच्या व्हरांड्यात गर्दी वाढली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. नांदेडकडून, परभणीकडून, बिदरकडून बायका आलेल्या. सगळ्या सवाष्णी. रांगेत कुणी बोलत नव्हतं. इतक्या बायका एका जागी आणि एवढी शांतता मी आधी किंवा नंतर कधी पाहिली नाही. मी नावं घेत पुढे सरकले.

"काय दुखतंय?"

"काय नाही."

"तुम्हाला?"

"काय नाही."

तिसरी म्हातारी होती. तिनं माझा हात धरला. "बाई, आम्हाला कुणालाच काय दुखत नाही. ते कुठं हायत, हायत का नाहीत, तेवढं त्या यंत्रावर बघा."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. व्हरांड्यातल्या बायकांनी आपसात ताडून पाहिलं होतं. ज्यांची रेघ खचली त्या विधवा. ज्यांची स्वच्छ आली त्या सवाष्णी. म्हणजे पडद्याआडचं ते यंत्र बाईच्या मनगटाला हात लावून तिचा धनी जिवंत आहे की नाही ते ओळखतं. रेघ सरळ आली की तो खुशाल. गोदूबाईंचा कागद अंबरपेठेत देवापुढे ठेवलेला होता आणि शेजारणी येऊन त्याला हळदकुंकू वाहत होत्या.

मी हसण्यावारी नेलं. मग महिन्याचा अहवाल करायला बसले. नावं दोन रकान्यांत लावली, सौ. आणि गं. भा. समोर रेघ.

खचलेल्या रेघा जवळजवळ सगळ्या दुसऱ्या रकान्यात होत्या.

मी आकडे पुन्हा तपासले. मग वही घेऊन अक्कांकडे गेले. त्यांनी बोटानं एकेक नाव वाचलं. बोट एका ठिकाणी थांबलं.

"ही सौ. मेरी कोण? आपली मेरी?"

"हो. यंत्र जुळवताना एकदा तिला चढवलं होतं. तिची खचली."

"मेरीचा नवरा?"

"शनिवारी डबा घेऊन आला होता. जिवंत आहे," मी म्हणाले, आणि माझ्याच आवाजात मला सुटका ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी अक्का चढल्या नाहीत. घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या, आणि बाईकडे न बघता बतूलबीच्या हातांकडे बघत राहिल्या. एक विधवा उतरली; आडवी झाली, पट्टे बसले, नरसिंगरावांचं "हिलू नका" आलं. एक सवाष्ण उतरली. पदर, साबणाचं पाणी, फुंकर, एक बांगडी, दुसरी, तिसरी. घड्याळाचा काटा एक फेरा फिरला, दुसरा, तिसरा. मग पट्टा.

मेरी मनगटावर काही घालत नसे.

सगळे गेल्यावर अक्का खाली बसल्या. "दमलेलं काळीज थोड्या वेळात तोंड पुसून पुन्हा उभं राहतं. विधवांचं आपण दमलेलं तोंड बघत होतो. सवाष्णींचं पुसून झाल्यावर."

बतूलबीच्या लक्षात आलं तेव्हा ती भिंतीला टेकली. "मेरे हाताँ से हुआ ये?"

"तुम्हारा हात नै चुक्या, बतूलबी. हमारी घडी चुकी."

"तो क्या करती मैं, अक्का? तोड़ देती चूड़ियाँ?"



उपाय सोपा होता, आणि सोपा होता म्हणूनच लाज वाटली. पट्टा बांगड्यांच्या वर, कोपराजवळ बांधायचा. चढायच्या आधीच बांधायचा, नुसती तार उतरल्यावर अडकवायची. एक दिवसाचं काम. मोठे साहेब म्हणाले, "मथुराबाई, आता बांगड्यांवर प्रबंध लिहिणार वाटतं!" पण सही केली.

आणि सौ.च्या रकान्यातली सगळी नावं मी नव्या कागदावर उतरवली. मथळा: फेरतपासणी.

पहिलं नाव गोदूबाईंचं. निरोप पाठवला, आल्या, आणि दारातच थांबल्या. अक्कांनी काही न लपवता सगळं सांगितलं: चूक आमची, कागद खोटा, दुखणं बहुधा खरं, पुन्हा चढा, वेळेत कळलं तर उपाय आहेत.

गोदूबाईंनी शांतपणे ऐकलं. "आणि रेघ खचली तर?"

"तर औषध देऊ. घागर उचलायची नाही."

"माझं नाही विचारलं मी. त्यांचं काय होईल?"

"गोदूबाई, रेघ तुमच्या काळजाची आहे. त्यांच्याशी तिचा संबंध नाही."

"आत्तापर्यंत तर होता."

अक्का उठल्या. मला म्हणाल्या, "लिही." स्वतःच्या दंडाला पट्टे बांधून घेतले आणि गोदूबाईंसमोर एकट्या चढू-उतरू लागल्या. दीड मिनिट पायऱ्यांचा आवाज आला, दुसरा कुठलाच नाही. आडव्या झाल्या. नरसिंगराव कागद घेऊन आले ते पडद्याच्या अलीकडे आले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. कागद त्यांनी मला दिला, अक्कांना नाही. इतकी खचलेली रेघ त्या वहीत दुसरी नाही.

अक्कांनी ती पाहिली आणि जणू दुसऱ्या कुणाची असावी तशी गोदूबाईंपुढे धरली. "माझा नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली. त्याचा चेहराही मला आठवत नाही. ही रेघ आजची आहे. माझी आहे. कळलं?"

गोदूबाईंनी कागदाला हात लावून नमस्कार केला. "तुम्ही विधवाच की, अक्का. यंत्र खरंच बोललं."

आणि निघून गेल्या. जिना उतरताना पाचव्या पायरीवर थांबल्या. आम्ही दोघींनीही ऐकलं.

तो उन्हाळा आणि तो पावसाळा फेरतपासणीची यादी तशीच राहिली. एकही सवाष्ण आली नाही. खचलेली रेघ घेऊन घरी जायला कोण तयार होणार? अक्का रोज पायऱ्यांवरची धूळ स्वतः पुसत. लाकूड उन्हानं तडकायचं. रिकाम्या खोलीतून दोन-दोनदा टकटक ऐकू यायची, एक वर, एक खाली. बतूलबी त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली. मी जात असे, पण दार उघडं ठेवून. अक्कांना मी विचारलं, "तुमच्या रेघेचं काय करायचं?"

"नोंद झाली ना?"

"झाली."

"मग झालं."

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. पाच दिवसांत निकाल लागला. तुरुंग उघडले. काहींचे पुरुष आले, काहींचे आले नाहीत. ज्यांचे आले नाहीत त्यांच्यापैकी कितीजणींकडे स्वच्छ कागद होता, ते मी वहीवरून काढू शकले असते. काढलं नाही.

विठ्ठलराव आले. अक्का आणि मी अंबरपेठेला गेलो तेव्हा ते दुकानात गुळाच्या भेल्यांमागे बसलेले, दाढी वाढलेली, अंगात सदरा लोंबकळतोय. गोदूबाई मागच्या दारात. ओठ निळसर दिसत होते.

"बघा, अक्का," त्या म्हणाल्या. "कागद खरा निघाला."

"निघाला. आता तरी या."

गोदूबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येईन. पण हे समोर बसले पाहिजेत. रेघ निघेपर्यंत. माझ्या डोळ्यांपुढे."

विठ्ठलराव म्हणाले, "तुरुंगात बसलो, इथं बसायला काय झालं?"

त्या खोलीत पडद्याच्या अलीकडे बसलेले ते पहिले पुरुष. स्टुलावर, गुडघे जुळवून, हात मांडीवर. गोदूबाई चढल्या, उतरल्या, वळल्या, चढल्या. प्रत्येक वळणाला मान फिरवून नवऱ्याकडे नजर. अक्का हात धरून बरोबर. या वेळी बाईची धाप ऐकू आली. आडव्या झाल्या, तारा लागल्या, "हिलू नका" आलं, आणि विठ्ठलरावसुद्धा हलायचे थांबले. नरसिंगराव कागद धुवायला गेले. आम्ही सगळे त्या माणसाकडे बघत होतो. मी हिशेबी बाई आहे, तरी सांगते, मीही बघत होते.

नरसिंगराव दारात आले. "खचली."

मग विठ्ठलराव शिंकले.

मोठ्यानं, दोनदा. नाक पुसलं. सगळ्या आपल्याकडे का बघतायत ते त्यांना कळेना. "धूळ हाये इथं," ते ओशाळून म्हणाले. गोदूबाई रडायला लागल्या आणि त्याच वेळी हसायलाही, आणि बतूलबी म्हणाली, "और छींको मियाँ, जी भरके छींको!"

गोदूबाईंना औषध सुरू झालं, घागर सुटली, दुपारची झोप ठरली. त्या आजही आहेत. त्या शिंकेची गोष्ट त्यांनी अंबरपेठेत घरोघरी सांगितली आणि यादी हलायला लागली. ज्या येईनात त्यांच्याकडे आम्ही जाऊ लागलो. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच. माझ्याकडे पत्ते, अक्कांकडे नळी आणि समजूत. हैदराबादेत माणसं माडीवर राहतात, हे मला तोपर्यंत जाणवलं नव्हतं. मी म्हणायची, "तुम्ही खाली थांबा, मी बोलावून आणते." त्या म्हणायच्या, "तुझं कोण ऐकणार? तू पाणी पिऊन येशील." आणि चढायच्या. चार पायऱ्या, थांबणं, चार पायऱ्या. मी खाली उभी राहून नको असताना ऐकायची. त्यांनीच कान लावायला शिकवलेलं.

जानेवारीतला शुक्रवार. अफझलगंज, धान्याच्या दुकानावरचं घर, अरुंद अंधारा दगडी जिना. नाव: सौ. लक्ष्मीबाई, वय एक्केचाळीस, आधीची रेघ स्वच्छ. दुकान बंद, रस्त्यावर ऊन. अक्कांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि चढल्या. वळणावर थांबल्या, भिंतीला हात टेकला, मागं वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर उजेड नव्हता. "पुढचं नाव काढून ठेव," म्हणाल्या. मग वळणाआड गेल्या.

मी पुढचं नाव काढलं. वर चार पायऱ्या वाजल्या. मग काही नाही. मग पावलं खाली येऊ लागली. अक्कांचीच, ती मी ओळखणार नाही असं होणार नाही. वळण घेऊन, एकेक करत, शेवटच्या पायरीपर्यंत आली. मी म्हणाले, "झालं का?" आणि वर बघितलं.

जिन्यात कुणी नव्हतं.

अक्का वरच्या पायरीवर बसल्या जागी संपलेल्या सापडल्या, लक्ष्मीबाईंच्या बंद दारासमोर, हात दाराकडे केलेला. दारावर थाप मारलेली नव्हती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आत कुणालाच काही माहीत नव्हतं.

पावलांबद्दल मी एवढंच लिहिते की ती मी ऐकली. कारण सांगता येत नाही, म्हणून ते लिहीत नाही.

त्या दिवशी त्यांना खाली आणण्याच्या धांदलीत मी ते दार वाजवायचं विसरले. महिनाभर रजेवर होते. परत गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. दुकानदार म्हणाला, बिऱ्हाड हललं, नवऱ्याची बदली, बहुधा वरंगलकडे. दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. यादीतल्या बाकीच्या सगळ्यांची फेरतपासणी मी करून घेतली आहे. जिथं मृत्यू झाला तिथं तसं लिहिलं आहे. पाच वर्षांत एवढं एकच नाव उरलं.

लक्ष्मीबाई, तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर, तुमच्याकडे आमच्या दवाखान्याचा एक कागद असेल. त्यावरची रेघ स्वच्छ आहे. ती खरी धरू नका. जिना चढताना छातीवर काही बसत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल, तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि चढायच्या आधी पट्टा बांगड्यांच्या वर बांधायला सांगा.

सौ. लक्ष्मीबाई, अफझलगंज. फेरतपासणी: बाकी.